शेवटच्या रांगेचा इतिहास : झाडीपट्टीतला भोंगा आणि त्यामागचे सर्किट

१/ धानाची कापणी आटोपली, की भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत मंडई भरते आणि रात्री नाटक होते. मोकळ्या मैदानात कापडी मंडप, समोर जमिनीवर दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि रंगमंचावर मुलीची हलक्या आवाजात समजूत घालणारा बाप. तो हलका आवाज दोनशे फुटांवर घोंगडी पांघरून बसलेल्या आजीला स्पष्ट ऐकू येतो आणि ती पदराने डोळे पुसते. तिच्यापर्यंत तो आवाज पोहोचतो कसा? आजचा धागा या एकाच प्रश्नाचा आहे.

२/ इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही भाषणांच्या संहिता वाचतो, नाटकांच्या आवृत्त्या ताडून पाहतो, वक्त्याने कोणता शब्द का वापरला यावर तासन्‌तास बोलतो. पण बोललेला शब्द किती माणसांच्या कानी पडला आणि कोणाच्या पडला नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर दप्तरखान्यात सापडत नाही. ते सापडते एका लोखंडी पेटीत, जिला आपण नुसते ‘मशीन’ म्हणतो. तिचे खरे नाव ॲम्प्लिफायर, म्हणजेच ध्वनिवर्धक.

३/ आधी प्रदेश समजून घेऊ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा जंगल, तलाव आणि धानशेतीचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. (गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट किंवा मंडई आणि रात्री नाटक, असा क्रम. या परंपरेची मुळे दंडार या लोकनाट्यात आहेत. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष पुन्हा एकदा इकडे वळले.

४/ आता थोडे भौतिकशास्त्र. मोकळ्या मैदानात ध्वनीला अडवून परतवणाऱ्या भिंती नसतात. त्यामुळे अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. साधे बोलणे एका मीटरवर साधारण ६० डेसिबल भरते. २ मीटरवर ते ५४, ४ वर ४८, आणि ६४ मीटरवर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांवर, अवघे २४. बसलेल्या गर्दीची कुजबूज आणि खोकलाच त्याहून मोठा असतो. नटाने घसा ताणून ८५ डेसिबल गाठले, तरी आजीपर्यंत पोहोचतात ४९.

५/ या आकडेमोडीत एक सांस्कृतिक नियम दडलेला आहे. यंत्राविना मोकळ्या मैदानात आरोळी पोहोचू शकते, कुजबूज पोहोचू शकत नाही. म्हणून जुन्या लोकनाट्यांत टिपेचा सूर, गाण्यातून संवाद, तालवाद्यांची साथ आणि एकच गोष्ट पुन्हा सांगण्याची रीत दिसते. ती केवळ हौस नव्हती, अंतरावर केलेली मात होती. रंगमंचावरचा बाप हलक्या आवाजात बोलू लागला तो मायक्रोफोन आल्यानंतर. अभिनयातला हळवा सूर ही इथे सर्किटाची देणगी आहे.

६/ आणि मागच्या रांगेत बसत कोण असे? गावच्या खेळात किंवा सभेत कोणी पुढे बसायचे आणि कोणी मागे, हे मानाने, पैशाने आणि जातीने ठरत असे. मालगुजार, पाटील, पाहुणे पुढे. मजूर, उशिरा काम आटोपून आलेल्या बायका आणि ज्यांना गावाने कायम कडेलाच ठेवले ते लोक मागे. म्हणजे दर दुप्पट अंतराला ६ डेसिबल हा नियम निसर्गाचा असला, तरी त्याचा तोटा सर्वांना सारखा नव्हता. पुढे येणारे तांत्रिक तपशील वाचताना ही शेवटची रांग डोळ्यांसमोर ठेवा.

७/ १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची नळी बनवली. तिची वर्धनाची ताकद पुढच्या काही वर्षांत उमगली आणि आपण जिला ‘व्हॉल्व्ह’ म्हणतो ती वस्तू जन्माला आली. तिचे काम तलावांच्या या जिल्ह्यात समजावणे सोपे आहे. तलावाच्या पाटाला दार असते. दार वर-खाली करायला एका हाताची ताकद पुरते, पण त्यामुळे वाहणारे पाणी शेतेच्या शेते भिजवते. पाण्याचा जोर हाताचा नसतो, तलावाचा असतो.

८/ ॲम्प्लिफायरमध्ये नेमके हेच घडते. माइकमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत हा दारावरचा हात, वीजपुरवठा हा तलाव. नटाचा आवाज ‘वाढत’ नाही. त्याच्या आवाजाच्या आकाराबरहुकूम दुसरीच, मोठी ऊर्जा सोडली जाते. ॲनालॉग या शब्दाचा अर्थही तोच : मूळ लहरीशी सतत, क्षणोक्षणी समरूप राहणारी दुसरी लहर. ही समरूपता जपणे म्हणजे ध्वनियंत्रांच्या सर्किटाची रचना. ती बिघडवणारे शत्रू अनेक आहेत. एकेक पाहू.

९/ आधी प्रमाण पाहा. जवळून बोलल्यास साध्या डायनॅमिक माइकमधून साधारण २ मिलिव्होल्ट निघतात. १६ ओहमच्या भोंग्याला ३० वॅट द्यायचे तर सुमारे २२ व्होल्ट लागतात. म्हणजे वाढ झाली अकरा हजार पट. त्यातही झाडीपट्टीच्या नाटकात माइक रंगमंचावर टांगलेला असतो आणि नट त्याच्यापासून पाच-सहा फुटांवर असतो. तेव्हा हातात येतात काही मायक्रोव्होल्ट. संकेताबरोबर जो कचरा आत शिरेल, तोही हजारो पटींनी वाढून बाहेर येणार.

१०/ पहिला कचरा टाळताच येत नाही. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते आणि तिचा एक अखंड ‘स्स्स’ असा आवाज होतो. बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२०च्या दशकात त्याचे मोजमाप आणि गणित मांडले. २०० ओहमच्या माइकसाठी हा आवाज सुमारे पाव मायक्रोव्होल्ट भरतो. निसर्गाने घातलेली ही खालची मर्यादा. म्हणून रचनाकाराची सगळी सावधगिरी पहिल्या टप्प्यावर खर्च होते. तिथे शिरलेली घाण पुढचा कोणताही टप्पा धुऊन काढू शकत नाही.

११/ दुसरा कचरा विजेचा. मंडपातली दिव्यांची वायर माइकच्या केबलशेजारून गेली, की ५० हर्ट्झची घूंऽऽ ऐकू येते. यावरचा उपाय फार सुंदर आहे. संकेत एका तारेऐवजी दोन तारांतून पाठवतात. एकीत सरळ, दुसरीत उलटा. बाहेरची घूं मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरते. पेटीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर या दोन तारांतला फक्त फरक आत घेतो. फरक घेतला, की नटाचा आवाज दुप्पट होतो आणि दोन्हीकडे सारखी असलेली घूं वजा होते. व्यावसायिक ध्वनियंत्र आणि घरचा टेपरेकॉर्डर यांतला एक मूलभूत भेद हाच.

१२/ आता या यंत्राचा सार्वजनिक इतिहास. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडम यांनी १९१५ साली ‘मॅग्नाव्हॉक्स’ हा कर्णा तयार केला. १९१९ साली सॅन डिएगोच्या मैदानात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण अशाच कर्ण्यांतून सुमारे ५० हजार लोकांनी ऐकले. भारतात १९३०च्या दशकापासून मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवाने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिव्यवस्था पुरवू लागले. गांधीजींच्या अनेक छायाचित्रांत त्यांच्यासमोरच्या माइकवर या कंपनीचे नाव दिसते. हलक्या, संथ आवाजाचा नेता लाखोंच्या सभा घेऊ शकला, त्यात या पेटीचा वाटा होता.

१३/ ब्रिटिश सरकारलाही त्या वाट्याची जाणीव होती. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात मोटवाने हेही आरोपी होते. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. सर्किट जोडता येणे हे त्या काळी राजकीय दृष्ट्या संशयास्पद कौशल्य ठरू शकत होते, ही गोष्ट आम्ही पाठ्यपुस्तकांत वाचलेली नव्हती.

१४/ मग खेड्यांत काय? स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे इकडच्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. व्हॉल्व्हला तर २५०-३०० व्होल्ट लागतात आणि मोटारीची बॅटरी देते ६ किंवा १२. त्या काळच्या फिरत्या यंत्रांत यासाठी ‘व्हायब्रेटर’ असे. एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत राही, त्या तुटक प्रवाहाला ट्रान्सफॉर्मर उच्च दाबावर नेई आणि मग त्याचा पुन्हा एकदिश प्रवाह होई. जीपच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या अशा पेटीची भणभण, म्हणजे सभा सुरू होण्याची खूण.

१५/ १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. १९५२ साली मुंबईत पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी इथून उभे राहिले. ते हरले; राखीव जागा काँग्रेसने जिंकली आणि सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. निकालाच्या नोंदी एवढ्यावर थांबतात.

१६/ पण शेवटच्या रांगेच्या बाजूने पाहा. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या सभेत आवाजाच्या टप्प्याबाहेर बसवले गेले, त्यांच्यासाठी सार्वजनिक मैदानात स्पष्ट ऐकू येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. भोंग्याखाली पुढची आणि मागची रांग कानापुरती तरी एक होते. अर्थात भोंग्याने समता आणली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. यंत्र भाड्याने आणायला पैसा लागतो, त्यामुळे सत्तेचा आवाजही त्याच भोंग्यातून, बहुधा अधिक मोठ्याने, गावात शिरला. शिवाय भोंगा एकतर्फी बोलतो. शेवटची रांग ऐकू लागली, पण तिला बोलता आले असे नाही.

१७/ इथे भंडाऱ्याचा एक अनपेक्षित धागा जुळतो. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला लागते. फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी १८६६ साली मांडलेल्या विद्युतघटाचा तो एक मूळ घटक आहे. बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि त्याला व्हॉल्व्हसारखे शेकडो व्होल्ट लागेनात. काही सेल पुरू लागले. म्हणजे शेताच्या बांधावर नागपूर आकाशवाणी ऐकवणाऱ्या छोट्या रेडिओच्या पोटात, या जिल्ह्याच्या मातीतून निघते तसेच काळे खनिज होते.

१८/ पुढचा टप्पा देशी उत्पादनाचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्ह आणि १९६२ साली जर्मेनियमचे अर्धवाहक घटक बनवायला सुरुवात केली. दिल्लीची ‘आहुजा’ कंपनी १९४० पासूनच या धंद्यात होती. आज मंडप-बिछायतवाल्याकडे जाऊन पाहाल तर बहुधा तिचेच नाव दिसेल. सुटे भाग देशात मिळू लागले तसे तालुक्याच्या गावी दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर माहीत नाही, असा जुना दुरुस्तीवाला सापडणे कठीण.

१९/ लांब तारांचा प्रश्न मात्र उरला होता. मैदानाच्या टोकाला भोंगा लावायचा म्हणजे शंभर मीटर तार, आणि तिचा जाण्या-येण्याचा रोध समजा ५ ओहम. १६ ओहमचा भोंगा थेट जोडला, तर जवळपास चौथा हिस्सा ऊर्जा तार तापवण्यातच जाते. म्हणून व्यावसायिक ॲम्प्लिफायर आपला आवाज १०० व्होल्टच्या दाबावर नेऊन पाठवतो आणि भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. प्रवाह कमी, म्हणून नासाडी फक्त दीड टक्क्याच्या आसपास. वीज मंडळाच्या उच्च दाबाच्या वाहिन्यांमागेही हेच तत्त्व आहे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेणारी खरी वाट ही.

२०/ आता या इतिहासातली सर्वांत सुरेख कल्पना. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता होडीने न्यूयॉर्कला कामावर निघाला होता. सुचलेले सर्किट त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच उतरवले. कल्पना अशी : बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि मूळ संकेताशी ताडून पाहायचा. जे मूळात नाही पण बाहेर आले आहे, ते यंत्राने स्वतःच्या पदरचे घातलेले; तेवढे वजा होत जाते. याला ऋण प्रतिभरण म्हणतात. वर्धनाची थोडी ताकद सोडून द्यायची आणि बदल्यात निष्ठा मिळवायची.

२१/ हेच प्रतिभरण उलटे झाले, की काय होते ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. भोंग्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा भोंग्यात जातो, पुन्हा माइकमध्ये, आणि क्षणात कानठळ्या बसवणारी शिट्टी. एका फेरीत आवाज घटण्याऐवजी वाढू लागला, की ती अटळ होते. टांगलेल्या माइकला हा धोका अधिक, कारण नट दूर असल्याने वर्धन जास्त ठेवावे लागते. म्हणून भोंगे माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावतात आणि नाटकाचा ध्वनीवाला रात्रभर एक बोट बटणावर ठेवून बसतो. त्या बोटाला संपूर्ण संहिता पाठ असते.

२२/ तिसरा शत्रू हवामान. ट्रान्झिस्टरला जागे होण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट लागतात आणि तापमान एका अंशाने वाढले, की ही गरज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. डिसेंबरच्या रात्री इथे पारा १० अंशांवर येतो, मे महिन्याच्या दुपारी ४५ वर जातो. म्हणजे फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा. उन्हाळ्यात तोच ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह ओढतो, त्याने अधिक तापतो, म्हणून आणखी ओढतो आणि अखेर जळतो. थंडीत उलट, तो उशिरा जागा होतो.

२३/ थंडीतल्या या दोषाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वाटून घेतात. दोघेही उशिरा जागे झाले, तर मधला, शून्याजवळचा भाग तुटतो. मोठ्या आवाजात ती तूट लपून जाते. हलका आवाज मात्र जवळजवळ सगळाच त्या तुटलेल्या पट्ट्यात असतो. आरोळी शाबूत राहते आणि कुजबूज फाटते. यावर उपाय म्हणून तापमान ओळखणारा डायोड त्याच धातूच्या पंख्यावर बसवतात, म्हणजे ट्रान्झिस्टरबरोबर तोही तापतो-निवतो आणि दाब जुळवून घेतो. चांगले सर्किट कोणते? जे हलक्या आवाजावर अन्याय करत नाही ते.

२४/ भोंग्याचा आवाज नाकातला का वाटतो, त्याचेही कारण रचनेत आहे. स्वरांत जोर असतो, पण अर्थ बहुतांशी व्यंजने वाहतात. ‘साप’, ‘ताप’ आणि ‘माप’ यांतला भेद एका क्षीण, क्षणिक ध्वनीचा. त्यातल्या ‘स’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर असते. म्हणून भाषणाच्या यंत्रांत खालचे खर्जाचे सूर मुद्दाम छाटतात : त्याने भोंग्याचा पडदाही वाचतो आणि ऊर्जाही शब्दांसाठी उरते. सभेसाठी हे योग्यच. तबला आणि ऑर्गनसाठी मात्र अपुरे. नाटकाला पूर्ण पल्ल्याचे स्पीकर हवे असतात, ते यासाठी.

२५/ आज डिजिटल मिक्सर आले आहेत. तरीही माइकमधले मायक्रोव्होल्ट उचलणारा पहिला टप्पा ॲनालॉगच आहे, कारण निसर्ग आकड्यांत बोलत नाही. खरा पेच वेगळा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. झाडीपट्टीचे नाटक मात्र परंपरेने रात्री रंगते आणि पहाटेपर्यंत चालते.

२६/ दोन्ही बाजूंना न्याय आहे. शेजारच्या घरातल्या आजारी माणसाला झोप हवी आणि मैदानातल्या आजीला नाटक. डीजेच्या भिंती आणि नाटकाचा माइक यांना एकाच तराजूत तोलल्यावर दुसऱ्याचे नुकसान होते. अभियांत्रिकी इथे काही प्रमाणात मदत करू शकते : एका उंच भोंग्याऐवजी मैदानात ठिकठिकाणी लहान स्पीकर, उभे स्तंभस्पीकर, प्रेक्षकांकडे खाली झुकवलेली दिशा. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा आणि तिथेच थांबावा. पूर्वीचा प्रश्न ‘किती दूर’ हा होता, आताचा ‘कुठपर्यंत पुरे’ हा आहे.

२७/ शेवटी एक विनंती. जुन्या ॲम्प्लिफायरच्या झाकणाच्या आत अनेकदा सर्किटाचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर दुरुस्तीवाल्याने पेन्सिलीने बदललेल्या किमती लिहिलेल्या असतात : इथल्या थंडीसाठी, इथल्या कमी दाबाच्या विजेसाठी, इथल्या टांगत्या माइकसाठी. कारखान्याची रचना आणि गावाचा अनुभव एकाच कागदावर. आज या पेट्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याच्या भावाने भंगारात जात आहेत. आपल्या शेवटच्या रांगेचा लेखी पुरावा जर कुठे असेल, तर तो तिथे आहे.

२८/ तेव्हा तुमच्या गावातल्या मंडपवाल्याकडे, नाट्यमंडळाच्या अडगळीत किंवा एखाद्या बंद दुकानात अशी पेटी असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोहोचा. झाकण उघडण्याआधी वीज काढा. व्हॉल्व्हच्या यंत्रातला कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देऊ शकतो. कागदाचे छायाचित्र घ्या, आणि ज्याने ती पेटी दुरुस्त केली त्याला शेजारी बसवून त्याचे बोलणे टिपून ठेवा. आयुष्यभर इतरांचा आवाज पोहोचवणाऱ्या माणसाला बहुधा कोणी विचारलेलेच नसते. धागा इथे थांबवते. तुमच्या मंडईतल्या ध्वनीवाल्याची आठवण असेल तर खाली अवश्य लिहा, वाचते आहे.